चोपणातलं सीताफळ

वडवणीहून येणारी एसटी बोरपिंपळ्याचा उतार उतरायला लागली की उजव्या अंगाला डोंगर येतो आणि डाव्या अंगाला तळं. तळ्याच्या भिंतीखाली एक पांढुरकी, उजाड पट्टी आहे. गावात तिला चोपण म्हणतात. पावसाळ्यात तिथं पाय ठेवला तर पोटरीपर्यंत रुततो आणि उन्हाळ्यात कुदळ मारली तर टणकन उलटते. गुरं तिकडं तोंड करत नाहीत. वेड्या बाभळी तेवढ्या माजतात. त्यांना कुठलीच माती वर्ज्य नाही. लिंगायतांचं स्मशान ह्याच पट्टीत आहे. पूर्वी इथली माती चांगली होती, चिंचा होत्या, असं जुनी माणसं सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात कामं निघाली, तळं झालं, गावच्या विहिरींना बारमाही पाणी आलं. पट्टी मात्र वर्षागणिक बिघडत गेली. पाणी आल्याच्या आनंदात तिकडं कुणी लक्ष दिलं नाही.

रुद्रप्पांचं किराणा दुकान गावाच्या मधोमध, पारासमोर. वडलांनी दुकान मांडलं, यांनी चालवलं. शेत कधी घेतलं नाही. "वाण्याला रान कशाला? तराजू सांभाळ," असं वडील म्हणत. समाजात कुणी गेलं की स्मशानात नेण्यासाठी मीठ रुद्रप्पांच्याच दुकानातून जाई. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. कपाळाला विभूती लावतात, बेलाची पानं ठेवतात आणि भोवती मीठ घालतात. त्या मिठाचा मोबदला घ्यायचा नाही, ही वडलांची शिकवण रुद्रप्पांनी मोडली नव्हती.

त्यांची बायको महानंदा धर्मापुरीची. लग्न होऊन आली तेव्हा चैत्रातही विहीर भरलेली पाहून तिनं माहेरी हरखून सांगितलं होतं, की आमच्या गावात पाण्याचा तोटा नाही. तिचं सगळं आयुष्य दुकानामागच्या दोन खोल्यांत गेलं. गहू निवडायचे, डाळी पाखडायच्या, रुद्रप्पा जेवायला आत आले की गल्ल्यावर बसायचं. वर्षातून एकदाच ती मोकळी व्हायची. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी निम्मी माणसं ट्रॅक्टर भरभरून निघून जायची, गाव रितं व्हायचं आणि उरलेल्या बाया टोपल्या घेऊन डोंगरावर सीताफळं तोडायला जायच्या. वाण्याच्या बायकोनं डोंगर चढावा हे सासूला आवडत नसे, पण महानंदा ऐकत नसे.

डोंगरावर माती अशी नाहीच. सगळा तांबडा मुरूम, मधून कातळ आणि कातळाच्या फटींत सीताफळी. कुणी लावल्या नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. पाऊस पडला की पाणी मुरमातून सरळ खाली निघून जातं, आणि तेच त्या झाडांना मानवतं. खाली काळ्या रानात कुणी हौसेनं सीताफळी लावल्या तर त्या उंच वाढत, पण फळ धरत नसत. महानंदा टोपलीभर फळं आणून भुशात पिकत घालायची. डोळे उघडलेली फळं बाजूला काढून आधी रुद्रप्पांच्या पुढ्यात ठेवायची आणि मग उंबऱ्यात बसून स्वतः खायची. त्या वेळी दुकानात कितीही गर्दी असली तरी ती उठत नसे.

साठी उलटल्यावर तिच्या पोटात गाठ निघाली. बीडला नेलं, संभाजीनगरला नेलं. मुलगा संगमेश्वर बीडला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा. त्यानं धावपळीत काही कसर ठेवली नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या.

घरी आल्यावर एका दुपारी ती बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "अवो, मला चोपणात ठेवू नका."

"असं अभद्र बोलू नये."

"अभद्र काय त्यात? सासूबाईला ठेवलं तवा मी बघितलंय की. वरसानं गेले तर ढिगारा खाली बसलेला, वर पांढरं मीठ फुटलेलं. गवताची एक काडी न्हाई. त्यांच्याकडं बघून मला लई वंगाळ वाटलं होतं." मग ती म्हणाली, "मला डोंगरावर ठेवा. सीताफळीच्या बुडाशी."

रुद्रप्पा दुसऱ्याच दिवशी वडवणीला गेले. डोंगर वनखात्याचा. कचेरीतल्या माणसानं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि असं करता येत नाही म्हणून सांगितलं. तिथून ते डोंगराच्या पायथ्याला रान असलेल्या बबनरावाकडं गेले. बांधाला मुरमाड तुकडा होता, काही पिकत नव्हतं त्यात. बबनराव मान खाली घालून बोलला.

"अप्पा, तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई. पर रानात मढं नको म्हणतेत घरचे. सुना भेतेत."

रुद्रप्पांनी आग्रह केला नाही. आपलं रान असतं आणि कुणी असं मागितलं असतं तर आपणही हेच म्हटलं असतं, असं त्यांना वाटलं. घरी आल्यावर महानंदानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"डोंगराचं न्हाई जमलं," ते म्हणाले. "पर मी डोंगर खाली आणतो तुझ्यापाशी. सीताफळ लावतो."

"चोपणात येतंय व्हय?"

"आणतो म्हनलं ना."

ती हसल्यासारखी झाली. पौषात ती गेली. तिला चोपणातच ठेवलं. रुद्रप्पांनी दुकानातलं मीठ स्वतःच्या हातानं ओंजळी ओंजळीनं तिच्याभोवती घातलं. संगमेश्वरानं विटांचा चौथरा बांधून घेतला, वर गिलावा केला आणि नाव कोरलेली फरशी बीडहून आणून बसवली.

पहिल्या पावसाळ्यात रुद्रप्पा डोंगरावर रोपं आणायला गेले. बरोबर धुळाजी होता. धुळाजी मेंढपाळ, त्याची मेंढरं त्याच डोंगरावर चरायची, आणि दोघांची ओळख लहानपणापासूनची. फटीतलं रोप काढताना धुळाजी म्हणाला, "मुळी लांब असती हिची, अप्पा. खडकात गेलेली. तुटंल."

मुळी तुटलीच. तरी चार रोपं धड हाती लागली. रुद्रप्पांनी ती चौथऱ्याभोवती लावली. पंधरवड्यात पानांच्या कडा जाळावर धरल्यासारख्या करपल्या, मग पानं गळली, मग काड्या उरल्या. पुढच्या वर्षी त्यांनी खड्डा मोठा घेतला आणि बबनरावाच्या रानातली काळी माती आणून भरली. रोपं धरली. दिवाळीपर्यंत हिरवी होती. रुद्रप्पा रोज सकाळी आंघोळ, लिंगपूजा उरकून तिकडं जात आणि दुकान उशिरा उघडू लागले. मग खड्ड्याच्या कडेनं पांढरी बुरशी यावी तसा थर वर चढत आला. बोटानं चाखून पाहिला तर खारट, तुरट. थंडी सरायच्या आत रोपं गेली.

तेव्हा त्यांच्या मनात एक गोष्ट बसली. मीठ आपणच घातलं. तिलाही घातलं, आईला घातलं, बापाला घातलं, समाजातल्या सगळ्यांना घातलं. आपल्याच दुकानातल्या मिठानं ही जमीन मारली आणि आता तिथं काही उगवत नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्या सुमारास समाजात एक म्हातारी गेली आणि नेहमीप्रमाणे लोक मीठ न्यायला आले, तेव्हा रुद्रप्पा आत जाऊन बसले. लोकांनी गोणी आपणच उचलून नेली.

कृषी खात्यातला योगीराज हा तरुण माणूस गावात अधूनमधून यायचा, दुकानात चहा घ्यायचा. रुद्रप्पांनी त्याला एक दिवस चोपणात नेलं. योगीराजनं फावड्यानं हातभर खड्डा घेतला. खाली पाणी पाझरून आलं. मग त्यानं तिथलं एक ढेकूळ घेतलं, डोंगराखालच्या बांधाचं एक घेतलं आणि दुकानात येऊन दोन काचेच्या पेल्यांत पाण्यात सोडलं. बांधाचं ढेकूळ फुटून तळाला बसलं, वरचं पाणी निवळलं. चोपणाचं ढेकूळ कडेनं विरघळत गेलं आणि पेला दुधाळ झाला. दुपार कलली तरी तो निवळला नाही.

"ही माती अशीच पाण्यात विरघळते," योगीराज म्हणाला. "मग बारीक गाळ बसून सगळी छिद्रं बुजतात. मुळाला हवा मिळत नाही. सीताफळाला बुडाशी पाणी थांबलेलं चालतच नाही, काका."

रुद्रप्पांनी घसा खाकरला. "आमी मीठ घालतो तिथं. माणसाला ठेवताना. त्यानं झालं का हे?"

योगीराजला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो घाईघाईनं म्हणाला, "नाही हो! ते किती असणार? सगळ्या पट्टीच्या मानानं चिमूटभर. हे तळ्याचं आहे. भिंतीखालून पाणी झिरपतं, मातीतले क्षार घेऊन वर येतं, पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार मागं राहतात. इतकी वर्षं हेच चाललंय."

"मग इलाज?"

"मातीत जिप्समची भुकटी टाकतात. पण नुसतं टाकून भागत नाही, धुऊन निघालेले क्षार बाहेर जायला चर लागतो. इथं चर न्यायचा कुठं? सगळ्यात खोलगट हीच पट्टी आहे." योगीराजनं पेला खाली ठेवला. "खरं सांगू का, तळं आहे तोवर ही जागा सुधारायची नाही. आणि तळं मोडा असं कोण म्हणेल?"

कुणीच म्हणणार नव्हतं. दुकानामागच्या विहिरीचं पाणी त्याच तळ्याचं होतं. महानंदानं जन्मभर ज्या पाण्याचं कौतुक केलं, ते हेच पाणी. रुद्रप्पांच्या मनावरचं मिठाचं ओझं उतरलं खरं, पण त्या जागी काही आलं नाही. ज्याला बोल लावावा असं माणूस उरलं नाही, आणि भांडायला जागाही नाही.

तरी त्यांनी एक उपाय केला. डोंगराच्या पायथ्याला रस्त्याच्या कामातून उरलेला मुरूम पडला होता. तो ट्रॉलीनं आणून त्यांनी चौथऱ्याच्या अंगाला कमरेइतका ओटा रचला, आणि त्यावर डोंगरावरचं बी टोकलं. रोप नाही, बी. म्हणजे मुळी तुटायचा प्रश्न नाही.

संगमेश्वर फोनवर म्हणाला, "बाबा, कावून एवढा जीव काढता? आईला आता काय कळणार आहे?"

"तिला न्हाई कळत. मला कळतंय की."

समाजातल्या दोघातिघांनी कुरकुर केली, की स्मशानात फळझाड कशाला, बेल लावा. मुंजाजी नावाचे एक जण म्हणाले, ती फळं खाणार कोण? रुद्रप्पा म्हणाले, पाखरं खातील. विषय तिथंच थांबला.

बी उगवलं. मुरमात पाणी मुरून जात होतं, बुडाशी थांबत नव्हतं. पहिल्या वर्षी रोप वीतभर झालं, दुसऱ्या वर्षी कमरेला लागलं. चोपणात उभं राहून पाहिलं तर सगळीकडं पांढरी, भेगाळ जमीन आणि मधेच हा एक तांबडा ओटा, त्यावर हिरवं झाड. लांबून एसटीतूनही दिसायचं. रुद्रप्पा आता सकाळ-संध्याकाळ तिकडं जात. गिऱ्हाईक दुकानाला कुलूप बघून दुसरीकडं वळू लागलं होतं. त्याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं.

एकदा धुळाजी मेंढरं वळवून तिथं आला. झाडाभोवती फिरला, बुडाशी बसला, मुरूम हातात घेऊन चोळला.

"बेस आलंय," तो म्हणाला. मग मुरूम खाली टाकत म्हणाला, "पर मुळी खाली गेल्याबिगर राहत न्हाई, अप्पा. मुरूम हाय किती? कमरेइतका. ही पुरुषभर जाती."

"वाढवतो की मुरूम."

"वाढवा," धुळाजी म्हणाला, आणि मेंढरांकडं वळला.

बी टोकल्यापासून चौथ्या पावसाळ्यात झाडाला फुलं आली आणि श्रावणात गोट्यांएवढी फळं धरली. फार नाहीत, मोजकीच. रुद्रप्पांनी ही बातमी संगमेश्वराला सांगितली, त्याची मुलगी अपेक्षा हिला सांगितली, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. दसऱ्यानंतर उतरवू म्हणाले, आणि भुसा आणून ठेवला.

सप्टेंबरात पाऊस सुरू झाला तो थांबेना. असा पाऊस कुणी पाहिलेला नव्हता. रात्रंदिवस कोसळत होता. सोयाबीन शेतातच कुजलं, कापसाची बोंडं झाडावर काळी पडली, ओढ्याकाठची घरं गेली. तळ्याच्या सांडव्यावरून लोंढा वाहू लागला आणि चोपणाच्या पट्टीत छातीइतकं पाणी चढलं. रुद्रप्पा छत्री घेऊन भिंतीवर जाऊन उभे राहत. पाण्यावर निम्मं झाड तेवढं दिसायचं. पुढं पाणी गुडघ्यावर आलं, मग घोट्यावर, आणि तिथंच राहिलं. मुरायला जागा नव्हती आणि वाहून जायला वाट नव्हती.

एका सकाळी ते त्या पाण्यात उतरले. हाताला काठी होती. झाडापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला. पानं पिवळी पडून गळाली होती. फळं झाडावरच होती, पण काळी, दगडासारखी; हात लावला तर देठासकट गळून पाण्यात पडली. मुरमाचा ओटा एका अंगानं खचून वाहिला होता आणि उघडी पडलेली मुळी खाली, दूरवर, त्या दुधाळ चिखलात गेलेली दिसत होती. रुद्रप्पांनी तिला हात लावला. साल बोटांना लागून निघून आली.

परत फिरताना ते पडले. बबनरावानं बांधावरून पाहिलं म्हणून निभावलं. त्यानं त्यांना पाठीवर घेऊन घरी आणलं. ताप चढला, छातीत कफ झाला आणि संगमेश्वर येऊन त्यांना बीडला घेऊन गेला. दुकान बंद झालं ते बंदच राहिलं.

पौषात, महानंदाच्या पुण्यतिथीला, संगमेश्वर त्यांना गावी घेऊन आला. दोघं चोपणात उतरले. जमीन आता वाळली होती, भेगांत हात जाईल अशी. पुरानं वाहून आणलेल्या शेंगांतून वेड्या बाभळी ठायी ठायी उगवल्या होत्या, गुडघ्याएवढ्या, काटेरी. ढिगारे कुठं राहिलेच नव्हते. ती माती पाण्यात विरघळली होती आणि वाळताना सगळी एकसारखी सपाट बसली होती. चौथरे मोडले होते. विटांचा भुगा झाला होता. ज्या धड होत्या त्या कुणीतरी नेल्या असाव्यात. फरश्या होत्या, पण एक इथं, एक तिथं, पालथ्या, काही चिखलात निम्म्या गाडलेल्या. आपल्या जागेवर एकही नव्हती. वाळलेलं झाडही कुणीतरी सरपणाला तोडून नेलं होतं.

"मुरूम बघू बाबा," संगमेश्वर म्हणाला. "तांबडा मुरूम दिसला की तिथंच आई."

मुरूम होता. पण तो ओट्यावरून वाहून पसरला होता, तांबड्या पातळ थरासारखा, बऱ्याच लांबवर. त्या तांबड्यात चार-पाच माणसांच्या जागा येत होत्या. रुद्रप्पा भिंतीकडं पाठ करून उभे राहिले, मग डोंगराकडं तोंड करून, मग रस्त्याकडं. पूर्वी ते डोळे मिटून तिथं पोचायचे. चिंचेचं एक खोड होतं खुणेला, तेही वाहून गेलं होतं. दोन पावलं पुढं जाऊन ते थांबले, पुन्हा मागं आले.

"इथं," संगमेश्वर म्हणाला. "मला वाटतं इथंच असंल."

"न्हाई. इथं नव्हतं एवढं जवळ."

"मग तिथं?"

वरच्या वाटेनं धुळाजी मेंढरं घेऊन चालला होता. त्यांना पाहून तो खाली उतरला. "काय शोधायलाव, अप्पा?"

"महानंदाची जागा."

धुळाजीनं मुंडाशाच्या सोग्यानं तोंड पुसलं, इकडंतिकडं पाहिलं. त्यानं ते झाड कितीदा तरी जवळून पाहिलं होतं. तो चालत एका ठिकाणी गेला, पायानं ढेकूळ उलथलं, मग मान हलवली. "मला बी न्हाई सांगता यायचं. सगळं एकच करून टाकलं पाण्यानं."

शेवटी रुद्रप्पा खाली बसले. पिशवीतून विभूती आणि बेलाची पानं काढली. बराच वेळ ती हातातच धरून ठेवली. मग उठून जिथंजिथं मुरूम पसरला होता तिथं प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी विभूती टाकली आणि एकेक पान ठेवलं. कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. एक पान वाऱ्यानं उडून बाभळीच्या काट्यात अडकलं. ते काढायला ते गेले नाहीत.

रस्त्यावर आल्यावर संगमेश्वर म्हणाला, "पुढच्या पावसाळ्याआधी माणसं लावून बाभळी काढून घेऊ. नीट शोधू. सगळ्या फरश्या उलट्या करून बघू."

"नको," रुद्रप्पा म्हणाले.

"का?"

"सापडली तरी तिला काय सांगू?"

संगमेश्वरानं वडलांच्या धोतराला लागलेली पांढरी माती झटकली. ती नीट निघेना, म्हणून त्यानं सोडून दिलं. गाडी आली. रुद्रप्पा चढले, आणि कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तेव्हा बीड म्हणाले.